चारशे पानं

हैदराबादला कोंडापूरमध्ये एका मराठी काकूंकडे दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात गेले, तेव्हा त्यांच्या कामाच्या बाई हॉलमध्ये फतकल मारून प्लास्टिकच्या फायकसची पानं पुसत होत्या. शेजारच्या पातेल्यात पाणी होतं ते आरओचं, पिण्याचं. पाणी घालायला नको म्हणून आणलेल्या झाडाला घरातलं सगळ्यांत महागाचं पाणी! चहा घेऊन निघणार होते, ती बघतच बसले.

"चारशे पानं आहेत एकेका झाडाला," काकूंनी कौतुकानं सांगितलं. लॉकडाऊनमध्ये नातवानं मोजली होती म्हणे. अशी तीन झाडं, शिवाय स्वयंपाकघराच्या दारावरची वेल. सगळी खरेदी बेगम बाजारातली.

नळाचं पाणी का नको? सोसायटीला बरंचसं बोअरचं पाणी येतं, क्षारांनी भरलेलं. पानावर वाळलं की पांढरे डाग. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी काकू लादी पुसायला बादलीत साठवतात. तेच वापरा की, मी म्हटलं. बाई मान वर न करता म्हणाल्या, "नक्को अम्मा, उसमें और धब्बे पडते." बरोबरच होतं. पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या बादलीतच तर उतरतात.

कोरडं फडकंही चालत नाही. प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर विद्युत साठते आणि आत्ता पुसलेलं पान पुन्हा धूळ ओढतं. म्हणून सुती फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, पान डाव्या तळव्यावर धरायचं, देठाकडून टोकाकडे एक हात, उलटं करून दुसरा. चारशे पानं म्हणजे आठशे हात. वेलीवर फोडणीचं तेल आणि धूळ यांचा चिकटा बसलेला. तिला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि जुना टूथब्रश. कुंडी मात्र भिजवायची नाही, देठातली तार गंजते. वाळवायचं सावलीत, कारण उन्हात रंग उडतो.

खरं झाड पावसात धुऊन निघतं, जुनी पानं आपणहून गाळतं. हे काहीच गाळत नाही. आजूबाजूला टॉवर उठताहेत, खडक फुटताहेत, आणि ती सगळी धूळ या चारशे पानांवर येऊन बसते. काकूंचंही खोटं नाही. सहा महिने मुलाकडे अमेरिकेत असताना कुंड्या कोण बघणार? पण "याला काहीच करावं लागत नाही" हे त्या बाईंच्या देखत म्हणाल्या, ते मला खटकलं.

बाईंच्या वस्तीत त्या दिवसांत बतुकम्मा हा फुलांचा सण चालू होता. तंगेडू आणि गुनुगू, म्हणजे आपली तरवड आणि कुर्डू, ताटात थरावर थर रचायची, भोवती फेर धरायचा आणि पाण्यात सोडून द्यायची. ती फुलं कुणाला पुसावी लागत नाहीत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणणार असल्याचं विधानसभेत सांगितलं, ते फूलउत्पादक शेतकऱ्यांच्या तक्रारींमुळे. पुसणाऱ्यांची तक्रार कुठे पोचलेली दिसत नाही.

तिसरं झाड कोपऱ्यात सरकवून बाई उठल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या आणि काकूंना म्हणाल्या, "झाडां का पैसा अलग, अम्मा. झाडूपोंछे में नहीं आता."

काकू म्हणाल्या, "वर्षातून दोनदाच तर असतं." बाईंनी पातेलं उचललं. "चारशे पत्ते तुम्हीच बोले ना?"