तगराची वाट आणि तेरचे वस्तुसंग्रहालय

श्रोतेहो, गोरोबाकाकांचे तेर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. समाधीचे दर्शन घेऊन लोक परततात. परंतु त्याच गावातले रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहणारे थोडे. आज त्यांच्यासाठीच बोलावयाचे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची मार्गदर्शिका लिहिली. तीत तो सांगतो की, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर आहे आणि तेथून साधे कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलुखातून, भडोचला जाते. हे तगर कोणते? ग्रँट डफने ते बीडच्या ईशान्येस, गोदाकाठी असावे असा तर्क केला. डॉ. भांडारकरांनी आपले धारूर सुचविले. म्हणजे हा मान दोनदा आपल्या जिल्ह्याच्या दारापर्यंत येऊन गेला! पुढे १९०१ मध्ये फ्लीटने तगर म्हणजे तेर, असे प्रतिपादन केले आणि तेच आज मान्य आहे. तेर पैठणच्या पूर्वेस नव्हे, आग्नेयेस आहे. सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. बैलगाडीला दहा दिवस पुरेत. ती वाट बीडच्या मुलुखातूनच जाते, एवढे समाधान आपण मानून घ्यावे.

तेरची पांढरी पावसाने धुपली की जुन्या वस्तू उघड्या पडत. गावकऱ्यांना त्या खापऱ्या वाटत. रामलिंगप्पांनी त्या जपल्या. या हजारो वस्तूंचेच पुढे शासकीय संग्रहालय झाले. सातवाहन नाणी, शंखाच्या बांगड्या, मणी, दिवे सारे तेथले.

आत गेल्यावर ‘रोमन’ वस्तू शोधू लागाल तर थोडे थांबा. रोमन नाण्यावरून घडविलेली मातीची पदके पाहा. गळ्यात घालता यावीत म्हणून त्यांना कडी केलेली असते. हे परदेशी माणसाचे काम नव्हे. परदेशी नाणे पाहून भुललेल्या इथल्याच कारागिराचे आहे. पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तीही पुढच्या व मागच्या अशा दोन साच्यांत काढलेल्या आहेत. ही रीत रोमन संपर्कातून आली, असे अनेक अभ्यासक मानतात; पण चेहरा, केशरचना, दागिने आपल्याकडचे. तेर रोमन गाव नव्हते. रोमशी देवघेव असलेले गाव होते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो हस्तिदंती स्त्रीमूर्तीला. ती वीतभरही उंच नाही. तिच्याच धर्तीची एक भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे मिळाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडले गेले. तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीची, हे निश्चित. आपल्या मूर्तीला असा दाखला नाही. उचललेल्या वस्तूबरोबर तिचा मातीचा थर येत नाही, आणि थर गेला की काळ सांगणारा साक्षीदारच गेला. १९५८ मध्ये तेरला शास्त्रीय उत्खनन झाले ते या थरांसाठीच. तोवर पुष्कळ काही वर येऊन गेले होते. म्हणून तेरच्या या मूर्तीचे वय ठरविताना अभ्यासकांना आजही पाँपेईकडे पाहावे लागते.

बाहेर पडल्यावर त्रिविक्रमाचे मंदिर चुकवू नका. त्याची मागची भिंत अर्धवर्तुळाकार व विटांची आहे. मूळचे ते बौद्ध चैत्यगृह होते, असे विद्वान मानतात. मागच्या बाजूने एक फेरी मारावी, म्हणजे ती गोलाई नीट दिसते.