दोन बोटं माती

सप्टेंबरात कासच्या पठारावर गेलेल्या माणसाचं लक्ष फुलांवर असतं. त्या फुलांखाली माती किती, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. बऱ्याच जागी ती जेमतेम दोन-चार बोटं असते आणि त्याखाली थेट जांभा दगड. आपल्याकडे अशा उघड्या माथ्याला सडा म्हणतात.

मृदाशास्त्रात अशा उथळ, खडकाळ मातीला 'लेप्टोसोल' असं नाव आहे. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे पातळ. साधारण २५ सेंटिमीटरच्या आत सलग खडक लागला, की ती माती या गटात धरतात. हा काही दुर्मीळ प्रकार नाही. जगात सुमारे १६५ कोटी हेक्टरवर, मुख्यतः डोंगराळ भागात, अशीच माती आहे.

डोंगरमाथ्यावर दगड झिजत नाही असं नाही. झिजतो, पण तयार झालेली माती तिथे टिकत नाही. मुसळधार पाऊस ती उतारावरून खाली नेतो, उरलेली वारा उडवतो. खोऱ्यातली काळी कसदार जमीन ही बरीचशी वरून आलेलीच मिळकत आहे. माती उरते ती खडकाच्या खळग्यांत आणि फटींत.

कासचा जांभा तर आधीच कस निघून गेलेला. मूळ बेसॉल्टमधले कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका लाखो वर्षांच्या पावसाने वाहून नेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली. जांभ्याचा तांबूस रंग लोहाचा. हेच लोह फॉस्फरस असा घट्ट धरून ठेवतं, की झाडाच्या मुळांना तो मिळत नाही. नायट्रोजनचीही वानवाच. त्यात जुलैमध्ये पाण्याने तुडुंब आणि एप्रिलमध्ये तव्यासारखा तापलेला दगड!

इथे तग धरणाऱ्यांच्या युक्त्या मात्र पाहण्यासारख्या आहेत. 'सीतेची आसवे' या नावाच्या नाजूक जांभळ्या फुलाला खरी मुळं नसतातच. ओल्या मातीत त्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात. एखादा बारीक जीव जवळ आला, की पिशवीचं झाकण डोळ्याचं पातं लवण्याआत उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. ड्रोसेरा ऊर्फ दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडतो. मातीत नायट्रोजन नाही, तर तो किड्यांकडून घ्यायचा. काही वनस्पती पावसाळ्यातच सगळा संसार उरकून बी टाकतात. काही कंदाच्या रूपाने आठ महिने झोपून राहतात.

महसुली भाषेत अशी जमीन 'पोटखराब'. झाडं नाहीत म्हणजे उजाड, असं समजून सड्यांवर वृक्षारोपणाचे बेत आखले जातात. हेतू चांगला, पण त्यासाठी खडक फोडून खड्डे घ्यावे लागतात आणि त्यांत खालून माती आणून भरावी लागते. त्या मातीबरोबर बाहेरच्या तणांचं बी येतं. कसदार मातीवर ते जोमाने वाढतं आणि सड्यावरच्या बोटभर रोपांना सावलीत टाकतं.

कासचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसास्थळांत समावेश झाला आणि गर्दी वाढली. फोटोसाठी वाट सोडून आत गेलेलं पाऊल फक्त फुलं चिरडत नाही. ओली माती दाबली जाते, खडकापासून सुटते आणि पुढच्या सरीबरोबर निघून जाते. तेवढी माती पुन्हा साचायला शेकडो वर्षं लागतात.