पाणी तापविण्याच्या साधनांची निगा



सुगी जवळ आली की शेतकरी विळ्याला धार लावून घेतो. पेरणीआधी नांगराचा फाळ पाहतो. विहिरीवरची मोटार आवाज करू लागली की लगेच मिस्त्रीला बोलावितो. पण न्हाणीच्या कोपऱ्यातील बंब, भिंतीवरचा गीझर किंवा छपरावरचा सौर बंब ही साधने बंद पडेपर्यंत त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ती रोज वापरात असतात, म्हणूनच नजरेआड होतात. भातकापणी आटोपली आणि बेळगाव-खानापूरकडे पहाटेची थंडी झोंबू लागली, की ही साधने एकदा उघडून, झाडून, तपासून घ्यावीत. निगेवाचून आधी सरपण किंवा वीज वाया जाते, मग वस्तू खराब होते आणि शेवटी माणसाच्या जिवावर बेतते.

घर बदलले, आग तीच

आपल्या जुन्या घरांवर मंगळुरी कौले होती. न्हाणी बहुधा परसात किंवा पडवीच्या टोकाला असे. दाराला फटी, भिंतीला झरोका आणि कौलांमधून धूर जायला शंभर वाटा. त्या न्हाणीत बंब पेटविला तरी हवा खेळती राही. आता स्लॅबची घरे झाली. न्हाणी घरात आली, तिला फरशी बसली, दार घट्ट लागू लागले, आणि थंडी येते म्हणून खिडकीची काचही आपण बंद करतो. घर चांगले झाले यात शंका नाही. पण आगीला पूर्वी जेवढी हवा लागत होती, तेवढीच आजही लागते.

भरपूर हवा मिळाली तर इंधन पुरते जळते. हवा कमी पडली की अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. आपल्या रक्तातील जो तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, भोवळ येते, पाय लटपटतात. दाराची कडी काढावी हे कळते, पण हात उचलत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रोगी यांना याचा धोका सर्वांत अधिक.

लाकूड, कोळसा आणि गॅस या तिन्ही इंधनांपासून हा वायू होऊ शकतो. म्हणून साधन कोणतेही असो, त्याच्या धुराची वाट मोकळी आहे ना, हे पहिल्याने पाहावे.

बंब आणि न्हाणीची चूल

तांब्याच्या बंबाची रचना साधी आहे. मध्ये आगीची नळी, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. हवा खालून शिरते व नळीतून वर चढते. राख साचली की हवेची वाट बुजते, आग धुमसते, आणि पाण्याऐवजी धूरच अधिक मिळतो. म्हणून राख रोज काढावी. आतल्या नळीला धरलेली काजळी आठवड्यातून एकदा खरवडावी. काजळी उष्णता अडविते, त्यामुळे तेवढेच पाणी तापायला अधिक सरपण जळते.

बंब रिकामा असताना कधीही पेटवू नये. पाणी आहे तोवर पत्रा फारसा तापत नाही, कारण उष्णता पाणी घेते. पाणी संपले की पत्रा जळतो आणि सांध्याचा डाख सुटतो. गळू लागलेला बंब मेणाने किंवा साबणाने बुजविण्यापेक्षा तांबटाकडे नेऊन डाख लावून घ्यावा. वर्षातून एकदा आतील क्षारांचा थर काढावा. किराणा दुकानातील लिंबूसत्त्व कढत पाण्यात विरघळवून काही तास बंबात ठेवले की थर सुटतो. नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावे. संडास धुण्याचे तेजाब मात्र वापरू नये, ते तांबे आणि डाख दोन्ही खाते. बंबातील पाणी स्नानासाठी आहे, पिण्यासाठी नव्हे.

सरपण वाळलेलेच असावे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते आटविण्यात उष्णता खर्च होते आणि धूर वाढतो. पेटविण्यासाठी प्लास्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे किंवा रंग दिलेले लाकूड घालू नये, त्यांचा धूर विषारी असतो. काजूची टरफले पेटतात चांगली, पण त्यांतील तेलाचा धूर डोळ्यांना व कातडीला झोंबतो आणि धुरांड्यात चिकट काजळी धरते.

धुरांड्याची निगा हा विषय आपण फार हलका घेतो. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अस्त्र या गटाने तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ तयार केली. ओले म्हणजे कन्नडात चूल, हे सीमाभागातील वाचकांना सांगावयास नको. देशभर अशा लक्षावधी चुली बसविल्या गेल्या. पण पुष्कळ ठिकाणी धुरांडी कोणी झाडली नाहीत, फुटलेले भाग कोणी बदलले नाहीत, आणि त्या चुली अडगळीत गेल्या. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम थांबविला. चूल चांगली असूनही निगेवाचून ती टिकत नाही, हा त्यातून घेण्यासारखा धडा आहे.

धुरांडे वर्षातून दोनदा झाडावे. दोरीला चिंध्यांचा घट्ट गोळा बांधून वरून खाली ओढला की काजळी पडते. पावसाळ्यानंतर पाखरांचे घरटे किंवा मधमाश्यांचे पोळे आत नाही ना, तेही पाहावे. नळी जुन्या अॅस्बेस्टॉस सिमेंटची असेल तर ती तारेच्या ब्रशाने घासू नये आणि करवतीने कापू नये. तिचे बारीक तंतू फुफ्फुसांना घातक आहेत. अशी नळी तडकली तर ओली करून अखंड काढावी आणि पत्र्याची नळी बसवावी.

बाळंतिणीची खोली

न्हाणीबरोबरच आणखी एका खोलीचा विचार करावयास हवा. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची आपल्याकडे रीत आहे. वारा लागू नये म्हणून त्या खोलीची दारे-खिडक्या बंद करतात. निखारे लाल झाले, धूर थांबला, की आता भीती नाही असे आजीबाई समजतात. खरे पाहता धूर न दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. बंद खोलीत आई आणि तान्हे मूल दोघेही झोपेतच गुंगीत जाऊ शकतात. आईला शेक द्यावयाचा तर कढत पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी. बाळाला ऊब आईच्या कुशीतून आणि कपड्यांतून मिळते. शेगडी ठेवलीच तर खिडकी उघडी असावी, जागे माणूस जवळ असावे, आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर नेलीच पाहिजे.

गॅसचा गीझर

अलीकडे गावोगावी गॅसचा गीझर आला आहे. तो क्षणात पाणी देतो, पण न्हाणीत बसविला तर तो घातक आहे. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असा समज होतो. जळल्यावर होणाऱ्या वायूला मात्र वास नसतो. गॅस गीझर असलेल्या न्हाणीत माणसे झटका आल्यासारखी कोसळतात, हे भारतातील मेंदुविकारतज्ज्ञांनी नोंदविले आहे. घरच्यांना ती फीट वाटते आणि खरे कारण न्हाणीतच राहते.

म्हणून गॅसचा गीझर न्हाणीबाहेर, उघड्या पडवीत बसवावा. त्याची धुराची नळी मोकळ्या हवेत सोडावी आणि फक्त पाण्याची नळी आत आणावी. तो आत असेल तर येत्या हिवाळ्यापूर्वी हलवावा. तोवर आधी बादली भरावी, गीझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा येऊ द्यावी, आणि मगच स्नानास जावे.

ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन वर काजळी धरू लागली, तर बर्नर तुंबला किंवा हवा कमी पडते आहे असे समजून वापर थांबवावा. बर्नर आणि त्यावरील तांब्याच्या पट्ट्या वर्षातून एकदा जाणत्या मिस्त्रीकडून साफ करून घ्याव्यात. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, आणि तडा दिसला तर त्याआधीच. गळतीचा संशय आल्यास विजेचे बटण न दाबता सिलिंडर बंद करावा, दारे उघडावीत आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

विजेचा गीझर आणि हीटरची सळई

विजेच्या गीझरला धूर नाही, पण त्याला वीज, क्षार आणि दाब या तिन्हींपासून जपावे लागते. बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार अधिक असतात. साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे असे समजावे. पाणी तापले की हे क्षार कॉइलवर बसतात, कॉइल आतल्या आत अधिक तापते आणि एके दिवशी जळते. जड पाण्याच्या गावी गीझर वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावा. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकी गंजू देत नाही. साफसफाईच्या वेळी ती पाहून झिजली असल्यास बदलावी. ती स्वस्त आहे, टाकी महाग.

पाणी ६० अंशांच्या वर तापवू नये. वर गेले की क्षार अधिक बसतात आणि वीजही अधिक जाते. ६० अंशांच्या पाण्यानेसुद्धा मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, मुलांची त्याहून लवकर. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग कढत.

गीझरच्या सुरक्षा झडपेतून तापताना थोडे पाणी ठिबकते. तो बिघाड नव्हे. वाढलेला दाब तेथून बाहेर जातो. ठिबक थांबावी म्हणून झडपेत खुंटी ठोकली तर टाकी फुटू शकते.

अर्थिंग हे शेतकऱ्याला मोटारीमुळे ठाऊक आहेच. घराच्या अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नये. जोडीला गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि त्याचे तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बादलीत सोडण्याची हीटरची सळई वापरणाऱ्यांनी एक नियम कधीही मोडू नये: बटण बंद करून पिन काढल्यावाचून पाण्याला बोट लावावयाचे नाही. बादली लोखंडी नसावी, आणि मुलांना त्या खोलीत एकटे सोडू नये.

छपरावरील सौर बंब

सौर बंबाला इंधन लागत नाही, पण निगा लागते. काचेवर धूळ बसली की पाणी कमी तापते. काच पहाटे, ती थंड असतानाच धुवावी. उन्हाने तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले तर ती तडकते. याच कारणाने रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत दुपारी पाणी भरू नये. टाकीवरील हवेची नळी कधीही बुजवू नये. वर्षातून एकदा टाकीतील गाळ सोडून द्यावा. आणि दक्षिणेकडचे आंब्याचे झाड वाढून सावली तर पडत नाही ना, तेही पाहावे.

अंगावर बेतले तर

न्हाणीतून हाकेला उत्तर आले नाही तर वाट पाहू नये. दार उघडावे, लागल्यास तोडावे. गॅस किंवा शेगडी बंद करून माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणावे. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवावे. तोंडात पाणी, कांदा, लिंबू काही घालू नये. १०८ला फोन करावा. दवाखान्यात ‘बंद न्हाणीत गीझर चालू होता’ किंवा ‘खोलीत शेगडी होती’ हे आवर्जून सांगावे. बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर यावेळी फसविते: त्याला हा वायू ओळखता येत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो. तेव्हा आकडा पाहून रोग्याला घरी ठेवू नये. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा.

वर्षातून एक दिवस

नाताळासाठी आपण घराला रंग देतो, अंगण सारवितो. त्याच आठवड्यातील एक दिवस न्हाणीसाठी राखून ठेवावा. धुरांडे झाडावे, राखेची जागा साफ करावी, ज्योतीचा रंग पाहावा, रबरी नळी, झडप, अर्थिंग आणि काच तपासावी. न्हाणीला झरोका नसेल तर गवंड्याला सांगून एक वर आणि एक खाली पाडून घ्यावा, आणि थंडी कितीही असली तरी तो बोळ्याने बुजवू नये. शेजारी एकटी राहणारी वृद्ध माणसे असतील तर त्यांचाही बंब पाहून द्यावा. त्यांना धुरांड्यावर चढता येत नाही.