बातमीतला फोटो, कॅनव्हासवरचा मोर्चा

1 जुलै 1992 रोजी भिलाईच्या पॉवर हाउस रेल्वे स्थानकात रूळ अडवून बसलेल्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाच्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अशा आंदोलनाच्या वर्तमानपत्री फोटोवरून चित्र करायचं, तर ते कसं?

आधी एकाच प्रसंगाचे मिळतील तितके फोटो जमवावेत. लांब पल्ल्याची लेन्स मागची-पुढची माणसं जवळ आणते, विरळ गर्दीही दाट भासते. वाइड लेन्स पुढे आलेला हात अवाढव्य करते. असे फोटो शेजारशेजारी ठेवले की खरी अंतरं कळतात. एखाद्याच फोटोची रचना जशीच्या तशी घ्यायची, तर परवानगी हवी. आपल्या कायद्यात फोटोचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.

मग फोटो मोठा करणं. 15 बाय 20 सेंटिमीटरच्या प्रतीवर 1 सेंटिमीटरचे चौकोन आखावेत, 90 बाय 120च्या कॅनव्हासवर 6 सेंटिमीटरचे. एकेका चौकोनातली रेषा तिकडच्या चौकोनात न्यावी. नाक-डोळे नंतर, आधी अंगांचे झुकाव, खांद्यांची ओळ, झेंड्यांच्या काठ्यांचे कोन. मोर्चाची चाल त्यांतच असते.

छापील फोटो बारीक ठिपक्यांचा असतो. तो हातभर लांब धरून डोळे किलकिले केले, की उजेड, मधला करडा आणि काळोख असे तीन भाग दिसतात. ते पातळ तपकिरी रंगात लावून घ्यावेत.

खरी अडचण रंगाची. मुक्ती मोर्चाचा झेंडा लाल-हिरवा: लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. कृष्णधवल छपाईत दोन्ही करडेच. फोटो कितीही न्याहाळला तरी हे उत्तर मिळत नाही; आंदोलनातल्या माणसांना विचारावं लागतं. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने मेक्सिकोच्या सम्राट मॅक्सिमिलियनला 1867मध्ये गोळ्या घातल्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला. तपशील कळत गेले तसे त्याच्या चित्रांतले सैनिकांचे गणवेश बदलले.

उरतात चेहरे. ताज्या मोर्चाचं चित्र असेल, तर ओळख पटल्याने कुणी अडचणीत येऊ शकतं. चंद्रपूर जिल्ह्यातले, खैरागढच्या कला विद्यापीठात शिकलेले प्रभाकर पाचपुते कोळशाने चित्रं काढतात. त्यांच्या माणसांना कधी डोक्याच्या जागी दिवा किंवा एखादी वस्तू असते. चेहरा असा काढून घेतला, तर हात, पाय आणि उभं राहण्याची ढब नेमकी हवी. नाहीतर कामगारांचा मोर्चा आणि बाजारातली गर्दी यांत फरक उरत नाही.