पाठीवर पाणी घेऊन उडणे

पतंगाला कामटी लागते, हे आमच्या कामठीत पोरासोरांनाही ठाऊक. पॅराग्लायडर नावाच्या, माणसाला घेऊन उडणाऱ्या कापडी पंखाला मात्र सांगाडा नसतो. समोरच्या तोंडांतून वारा शिरतो आणि पंख फुगून ताठ होतो. स्पर्धेचा पंख त्याहून नखरेल. पुढच्या कडेला प्लॅस्टिकच्या काड्या, दोऱ्यांच्या दोनच रांगा, आणि लांबी सरासरी रुंदीच्या सातपट! वाऱ्याला अडथळा कमी, म्हणून तो दूर जातो; पण मिटला तर सावरणे कठीण. २०११ साली स्पेनमध्ये पिएद्राहिताच्या जागतिक स्पर्धेत दोघे दगावले, त्यानंतर नियम कडक झाले.

कामशेतला हे उड्डाण शिकलेली माझी भाची सांगत होती, “मामा, स्पर्धेत मला पाणी घेऊन उडावं लागेल!” तिचे वजन अवघे ४७ किलो. “त्यापेक्षा दोन घास जास्त खा,” इति तिची आई.

माणूस आणि सरंजाम मिळून ११० किलो व पंख २४ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला साडेचार किलोंहून थोडे अधिक. हा भार वाढला की वेग वाढतो. हलक्या स्वारासाठी लहान पंख शिवतात. पण दोऱ्यांची जाडी आणि स्वाराचे अंग त्या प्रमाणात आक्रसत नाही, त्यांचा अडथळा जड होतो. म्हणून सडपातळ मुली मोठा पंख घेऊन वजन पाण्याने भरून काढतात. मला हा न्याय वाटत नाही. धावत झेप घेताना ते ओझे त्यांच्याच गुडघ्यांवर! उतरण्यापूर्वी मात्र पाणी सोडून देता येते. खाली कोणी वाळवण घातले नाही ना, एवढे बघावे.