आधी मुंडावळ्या, मग फणी

नवरीच्या खोलीत आमची पेटी उघडायच्या आधी नवरीचा मोबाइल उघडतो. त्यात कुठल्यातरी नटीचा फोटो असतो. केस मोकळे, खांद्यावर लाटा, एक बट गालावर. "ताई, असंच पाहिजे." लगेच मागून आजी कडाडते, "केस मोकळे सोडून बोहल्यावर चढती का गं? लोक काय म्हणतील?" कळंब असो, उमरगा असो की परंडा, हा संवाद चुकत नाही. तोडगाही ठरलेला: पुढची बाजू नवरीची, मागची आजीची. कानापुढं लाटा, मागं आंबाडा आणि त्याभोवती गजरा. नवरीचे केस तोकडे असतील तर आत गंगावन घालायचं. त्याला हल्ली 'एक्स्टेन्शन' म्हटलं की बिल जरा जास्त लावता येतं.

क्लासमध्ये शिकवतात तो तक्ता मला पाठ आहे. केस मागं ओढून बांधायचे, कपाळ, गालफडं आणि जबडा यांत रुंद काय ते बघायचं, मग चेहऱ्याची लांबी बघायची. गोल चेहरा असेल तर टाळूवर उंची द्यायची, गालांजवळ फुगवटा ठेवायचा नाही. लांबट असेल तर याच्या उलट. चौकोनी जबड्याशेजारी दोन मऊ बटा सोडायच्या. सगळं खरं आहे. फक्त तक्त्यातल्या बाईच्या कपाळावर मुंडावळ्या नसतात, नाकात नथ नसते आणि डोक्यावर पदर नसतो. (चौकोनी जबडा लपवायचा कशाला, हे मला कधीच कळलेलं नाही. नथ सगळ्यांत जास्त खुलते ती त्याच चेहऱ्यावर.)

मुंडावळ्यांची आडवी लड कपाळ कापते, त्यामुळं कपाळ लहान दिसतं. बाजूच्या लोंबत्या लडी गालांच्या कडा झाकतात, म्हणून गोल तोंड निमुळतं वाटतं. गोल चेहऱ्याचं निम्मं काम त्याच करून टाकतात. पण आखूड कपाळाच्या मुलीचं मात्र वाटोळं होतं. तिच्या मुंडावळ्या केसांच्या रेषेला टेकवूनच बांधाव्या लागतात आणि पुढचे केस वर घ्यावे लागतात, नाहीतर फोटोत भुवयांच्या वर काही उरतच नाही. म्हणून मी मुंडावळ्या बांधून बघितल्याशिवाय फणी हातात घेत नाही.

लोहाऱ्याकडच्या एका लग्नात मुंडावळ्या मामा आणणार होते आणि मामांची गाडी येडशीजवळ अडकलेली. बँड दारात आलेला. शेवटी परकराची पांढरी नाडी मागवली, नवरीच्या कपाळाला बांधली, दोन्ही टोकं गालांवर सोडली आणि त्या मापानं केस बसवले. नवरी रडकुंडीला आलेली, करवल्या हसून लोळतायत. मामा आले, नाडी सुटली, मुंडावळ्या बरोबर त्याच रेषेवर बसल्या.

कपाळ झाकून लहान दाखवायची युक्ती सिनेमात फार आधी होऊन गेली. साधनाचं कपाळ रुंद होतं. 1960च्या 'लव्ह इन सिमला'साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखे तिचे पुढचे केस कापून कपाळावर आणले आणि देशभर 'साधना कट' झाला. पुढं ज्यांचं कपाळ मुळातच दोन बोटं होतं, त्या मुलींनीही तो कापून घेतला. फॅशनचं हे असंच असतं. तिच्यामागचं कारण कुणी विचारत नाही.

आमच्या जिल्ह्याला या बाबतीत मुंबईकडं बघायची गरज नाही असं मी म्हणते तेव्हा पोरी हसतात. मग मी त्यांना तेरला पाठवते. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत. तेव्हा तेरचं नाव तगर होतं आणि इथला माल भडोच बंदरातून रोमन जगात जायचा. त्या बाहुल्यांच्या डोक्यावरचा थाट बघून आजचे स्टायलिस्ट वही काढतील. त्या बनायच्या दोन साच्यांत. पुढचा भाग वेगळा, पाठीमागचा वेगळा, मग दोन्ही जोडायचे. आम्हीही तेच करतो. पुढची बाजू फोटोग्राफरची असते आणि मागची अक्षता टाकणाऱ्या शंभर डोळ्यांची.

स्प्रे मारलेल्या कुरळ्या केसांत अक्षता काय चिकटतात, हे रात्री पिना काढणाऱ्यालाच विचारा. कुंकू लावलेला तांदूळ असेल तर मानेपर्यंत लाल ओघळ येतात. त्यात आमचं बोअरचं जड पाणी. शाम्पूला फेस येत नाही, केस राठ होतात आणि मे महिन्यात दुपारच्या मुहूर्ताला बसवलेली बट जेवणावळीपर्यंत झोपते. म्हणून आदल्या दिवशी न्हायला पिण्याचं पाणी काढून ठेवा, असं मी आधीच सांगते. टँकरच्या गावात हे सांगताना जीभ अडखळते, ही गोष्ट वेगळी.

राहिला पदर. तक्त्याप्रमाणं गोल चेहऱ्याला टाळूवर उंची दिली तरी पदर ती दाबतो. त्यावर उपाय एकच. उंची टाळूवर न देता जरा मागं, आंबाड्याच्या वर द्यायची आणि पदर तिथं पिनेनं अडकवायचा.

नवरदेवांचं शास्त्र माझ्या शेजारच्या सलूनवाल्या दादांकडं. ते म्हणतात, कटिंग लग्नाच्या आठ दिवस आधी कर. शेतात उन्हानं रापलेल्या पोराच्या कानामागं ताज्या कटिंगनं पांढरा पट्टा उघडा पडतो आणि तो कुठल्याच पावडरीनं झाकला जात नाही. गोल तोंडाच्या पोराला बाजू बारीक करून वर उंची ठेवली की तोंड लांबट दिसतं, पण वर फेटा चढणार म्हटल्यावर ती मेहनत फुकट. मग दादा सगळं लक्ष दाढीवर देतात. हनुवटीला टोक काढलं, गालावरची दाढी बारीक केली की फेट्याखाली चेहरा उभट होतो. लांब तोंडाच्या पोरानं लांब दाढीचा हट्ट धरला तर दादा आरसा त्याच्या हातात देतात आणि चहा प्यायला जातात.

सगळं झाल्यावर आत्याबाईंचा प्रश्न येतोच, "उद्या तुळजापूरला दर्शन होईस्तोवर हे टिकंल ना?" टिकतं. फक्त नवरीला मोटारसायकलवर नेऊ नका, जीपमध्ये न्या. आणि खिडकीशी आत्याबाईंनी बसावं.