पेटी, पदर आणि पेला

आमच्या ख्रिस्ती मंडळीत देवावरून कधी वाद झाले नाहीत. झाले ते पेटीवरून, पदरावरून आणि पेल्यावरून. मी बदलापुरात राहते. शाळेतून निवृत्त झाले आणि मग काही वर्षं मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची सेक्रेटरी होते, त्यामुळे या वादांची इतिवृत्तं माझ्याच अक्षरात आहेत.

बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे सगळे एका ठशाचे. तसं नसतं. शेजारच्या अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला, तशी कामासाठी माणसं येत गेली. नगरकडची माझ्या सासरच्यांसारखी मराठी कुटुंबं, मल्याळी, तमिळ. येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या देवळाची रीत आणली. कुणी गुडघे टेकणारं, कुणी टाळ्या वाजवणारं. कुणाकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, कुणाकडे कळत्या वयात.

पेटीचा वाद तरुणांनी कीबोर्ड आणि ड्रम आणल्यावर पेटला. ज्येष्ठांचं म्हणणं, पेटी-तबला हीच आपली परंपरा. पण पेटी तरी मूळची युरोपातलीच ना! मिशनच्या सुरुवातीच्या काळात तर इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं म्हणत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाचा बाज उपासनेत रुजवला, आणि 'उपासना संगीत'मधली त्यांची गीतं आज आम्ही पुस्तक न उघडता म्हणतो. त्या काळी तोही नवा प्रकारच होता.

आम्ही तोडगा काढला, एक रविवार पेटीचा, एक कीबोर्डचा. तो सपशेल फसला. ज्याला जो रविवार आवडे, त्याच रविवारी तो येई. एका मंडळीच्या दोन झाल्या, फक्त छप्पर एक. मग पाळकसाहेबांनी ठरवलं, की दोन्ही एकाच उपासनेत होईल. तरुणांनी टिळकांचं एक गीत बसवायचं आणि ज्येष्ठांनी एक नवं कोरस शिकायचं. कोरस शिकताना आमचे एक आजोबा इतके रंगले, की टाळ्या थांबवायला त्यांना खूण करावी लागली.

बाप्तिस्म्याचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला एक मुलगा दुसऱ्या एका संगतीत जाऊ लागला आणि म्हणाला, मला पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा हवा. (उल्हास नदीत म्हणत होता, घाण झालेल्या वालधुनीत नव्हे; तेवढं भान होतं.) आई रडकुंडीला आली, कारण तिला वाटलं, आपण दिलेलं सगळं हा खोटं ठरवतोय.

इथे आमच्या चर्चचा इतिहास कामी आला. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट वगैरे तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे. बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स फक्त कळत्या माणसाला देणारे. याची बोलणी १९२९ पासून चालू होती. चाळीस वर्षं! शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. आईबापांनी हवी ती निवडावी, तान्ह्याला बाप्तिस्मा देणं ज्या पाळकाच्या सद्सद्विवेकाला पटत नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही, मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. म्हणजे मोकळीक आहे, पण तिला कुंपणही आहे. त्या मुलाला आम्ही नाही म्हणालो. पण त्याच्या आईबापांसकट बसवून कारण समजावलं, आणि सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष देण्याची संधी दिली. तो राहिला. सगळेच राहतात असं नाही.

पदराचं थोडक्यात सांगते. प्रार्थनेत बायकांनी डोकं झाकावं असं बायबलात प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलं. त्याच पौलाने रोमकरांना लिहिलं, की खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून एकमेकांचा न्याय करू नका. मी पदर घेते, माझी सून घेत नाही. आमच्या घरात यावर चर्चा होत नाही. राहिला पेला. प्रभुभोजनात सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यावं का, हा वाद कोरोनाने मिटवला. आता छोटे पेलेही असतात, ज्याला जे हवं ते.

असे वाद चिघळले तर काय होतं, ते केरळात दिसलं. तिथल्या कॅथलिकांच्या सिरो-मलबार चर्चमध्ये याजकाने मिस्सा अर्पण करताना लोकांकडे तोंड करावं की वेदीकडे, यावर २०२१ मध्ये अर्धं असं, अर्धं तसं, असा नियम सगळ्यांना लागू झाला. एर्नाकुलममध्ये तो मान्य झाला नाही, आणि २०२२ मध्ये तिथलं मुख्य चर्च बंद ठेवावं लागलं. आपल्याकडच्या मल्याळी कॅथलिकांसाठी १९८८ साली झालेला कल्याण धर्मप्रांत याच सिरो-मलबार चर्चचा, म्हणून ही बातमी आमच्या शेजारी फार हळहळीने वाचली गेली.

माझं मत असं, की वर्गणी किती, छप्पर कधी, हे मतदानाने ठरवावं. प्रार्थना कशी, हे कधीच नाही. मतदानात हरलेला माणूस घरी बसत नाही. तो बाजारात गाळा भाड्याने घेतो आणि नवी मंडळी काढतो. उपासनेच्या रीतीवर हात वर करायला लावणारा ठराव आला, तर नव्या सेक्रेटरींनी तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊच नये. आधी दोन्ही बाजूंना चहाला बोलवावं, आणि चहा कमिटीच्या खर्चाने द्यावा.